लिस्बनच्या विमानाचा जादा तास

शुक्रवारी सकाळी नऊला ग्रासिंदा फिलोमेना ताव्हारेसच्या दारात येऊन उभी राहिली. केस विंचरलेले नव्हते आणि पायात नवऱ्याचे बूट होते.

"चारच्या विमानानं माझ्या नवऱ्याला मोठ्या बेटावर नेतायत," ती म्हणाली. "कोर्टात उभं करायला. तुमच्याकडे सात तास आहेत, फिलोमेनाबाई."

फिलोमेनानं उरलेली कॉफी एका घोटात संपवली. "बसा. काय केलं म्हणतात त्यानं?"

"मुकुट चोरला."

कोपऱ्यात केक खात बसलेल्या बाल्ताझारच्या हातातला तुकडा खाली पडला. "अरे देवा! पेद्राल्वाचा मुकुट?"

आता आमच्या सांता मारिया बेटावर माणसं काय काय करतात ते मला विचारू नका. शेजाऱ्याच्या शेतात गाय सोडतात, कर चुकवतात, पाद्र्याला खोटं सांगतात. पण पवित्र आत्म्याच्या मुकुटाला हात लावणारा अजून जन्मला नव्हता. आमच्या पेद्राल्वा गावात दरवर्षी चिठ्ठी निघते, ज्याचं नाव येईल तो त्या वर्षाचा मानकरी. सणाआधी मुकुट त्याच्या घरी बसतो आणि सणाच्या रविवारी गावादेखत डोक्यावर चढतो. अशा मुकुटाचा चोर म्हणून नाव लागलं, तर त्या माणसानं सरळ बेट सोडावं. कोर्ट त्याला सोडेल, गाव सोडणार नाही.

फिलोमेनाला हे कुणी सांगायला नको होतं. ती इथलीच. लिस्बनमध्ये तीस वर्षं एका विमा कंपनीसाठी खोटारडी माणसं पकडली, नवरा गेल्यावर बेटावर परतली आणि दारावर 'खासगी तपास' अशी पाटी लावली. लोक आधी हसले, मग यायला लागले. बाल्ताझार तिचा दीर, निवृत्त न्हावी. तो गाडी चालवतो, केक खातो आणि भलतंच काहीतरी बोलतो.

"सुरुवातीपासून सांगा," फिलोमेना म्हणाली. "रडायचं नंतर."

"मी रडतेय कुठे?"

"म्हणूनच काम घेतेय."

ग्रासिंदानं सांगितलं. मुकुटाची एक कमान तुटली होती, म्हणून तो लिस्बनच्या चांदीकाराकडे दुरुस्तीला गेला होता. आणायला सणाच्या मंडळाचा चिटणीस एर्मिनियो गेला. त्यानं बुधवारी संध्याकाळी लाकडी पेटी सीलबंद करून लिस्बनला मालाच्या खिडकीवर दिली. गुरुवारी सकाळच्या मालवाहू विमानानं ती इथं आली. ग्रासिंदाचा नवरा एलिसेउ विमानतळावर सामान उतरवतो. त्यानं पेटी उतरवली, 'सील शाबूत' असं लिहून सही केली आणि मानकरी अमारूच्या घरी पोचवली. संध्याकाळी पाचला अमारूनं पाद्र्यासमोर पेटी उघडली. आत मिठाच्या दोन पिशव्या आणि एक जुना टॉवेल.

"पण मग एलिसेउच का?" बाल्ताझारनं विचारलं.

"एक तास जास्त लागला म्हणून!" ग्रासिंदा ओरडलीच. "सार्जंटनं कागदावर गणित करून दाखवलं. मला नाही समजलं. मला एवढंच समजतं की माझा नवरा चोर नाही. आज सकाळी दारात कुणीतरी माशांची आतडी टाकून गेलंय. अठरा वर्षं ज्यांच्या बॅगा त्यानं उचलल्या, त्यांच्यापैकीच कुणीतरी."

फिलोमेना उठली आणि तिनं कोट घातला. "भाऊजी, गाडी काढा. केक राहू दे."

---

सार्जंट कुस्तोदियो खुशीत होता. दहा वर्षांच्या नोकरीत त्याला पहिल्यांदाच डोकं चालवायला मिळालं होतं आणि ते तो सगळ्यांना दाखवत होता.

"बसा बाई. अगदी सोपं आहे. लिस्बन ते सांता मारिया, हवेतून चौदाशे किलोमीटर. विमानाला लागतात दोन तास वीस मिनिटं. बरोबर?"

"चूक!" बाल्ताझार म्हणाला. "संध्याकाळचं प्रवासी विमान लिस्बनहून चार दहाला निघतं आणि इथं साडेपाचला टेकतं. एक तास वीस मिनिटं. मी बोटांवर मोजलंय."

"काका, लिस्बनचं घड्याळ आपल्यापुढे एक तास. तिथं चार दहा वाजतात तेव्हा इथं तीन दहा. तीन दहा ते साडेपाच मोजा."

बाल्ताझारनं परत बोटांवर मोजलं. "हं. म्हणजे मी लिस्बनला गेलो की एका तासानं म्हातारा होतो."

"परत आलात की तरुण होता. फिट्टंफाट," फिलोमेना म्हणाली. "पुढे बोला, सार्जंट."

सार्जंटनं पेटीवर चिकटवलेला कागद पुढे सरकवला. निघाले ८.०५, उतरले १०.२५, दोन्ही वेळांपुढे बारीकसा झेड. खाली वजन: लिस्बनला तीन किलो चारशे, सांता मारियाला तीन किलो चारशे.

"लिस्बनचे आठ पाच म्हणजे आपले सात पाच. विमान इथं उतरलं दहा पंचवीसला, ते अख्ख्या विमानतळानं पाहिलं. किती झाले?"

"तीन तास वीस," बाल्ताझार म्हणाला.

"एक तास जादा!" सार्जंटनं टेबलावर थाप मारली. "कुठं गेला तो तास? विमान मधे मोठ्या बेटावर उतरलं. आणि तिथं सामान उतरवायला कोण आहे? एलिसेउचा सख्खा भाऊ. तिथं पेटी फोडली, मुकुट काढला, मीठ भरलं. इथं एलिसेउनं फुटकं सील बघूनही 'शाबूत' लिहिलं आणि मागाहून नवं लावलं. मिटलं!"

"मोठ्या बेटावरच्या लोकांना विचारलंत?"

"विचारलं. 'इथं उतरलंच नाही' म्हणतात. म्हणणारच. भावाचे सोबती."

"आणि वैमानिक?"

"तो इथून काबो व्हेर्देला गेला. रविवारी परत येईल. फोन बंद."

"विमान लिस्बनहून आठ पाचलाच निघालं हे कशावरून?"

"कागदावरून. आणि डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार आहे. एर्मिनियो. तो स्वतः उभा होता तिथं."

फिलोमेनानं वजनाचे दोन्ही आकडे वाचले. "चोरानं मीठ अगदी मोजून आणलं होतं वाटतं. दहा ग्रॅमचाही फरक नाही."

"हुशार चोर."

"फारच. विमान ताटकळत उभं आणि हा तराजू घेऊन बसलाय."

सार्जंटनं खांदे उडवले. बाल्ताझारनं कागदावर बोट ठेवलं. "हा झेड कोण? कुणाची सही दिसते. झेफेरिनो असेल."

एलिसेउ मागच्या खोलीत बाकावर बसला होता. मोठा आडदांड माणूस, पण एका रात्रीत खांदे पार उतरले होते.

"सील शाबूत होतं, म्हणून शाबूत लिहिलं," तो म्हणाला. "तुटलं होतं असं लिहिलं असतं तर आज घरी असतो. पण ते खोटं झालं असतं."

"काल संध्याकाळी काय करत होतास?"

"साडेपाचच्या प्रवासी विमानाचं सामान उतरवलं. त्यातून एर्मिनियो आला. त्याची पाठ दुखते, म्हणून त्याची बॅग नेहमी मीच घेतो. काल हात पुढे केला तर दिली नाही. दोन्ही हातांनी पोटाशी धरून गेला. बोललासुद्धा नाही."

"मुकुट गेल्याचं तेव्हा कळलं होतं का कुणाला?"

"विमानतळावर कुणालाच नाही. मला तर सात वाजता सार्जंट घरी आला तेव्हा कळलं." त्यानं फिलोमेनाकडे पाहिलं. "बाई, मी मोठ्या बेटावर नाही जाणार. ओढत नेलं तर जाईन. पण गेलो तर परत येणार नाही. ग्रासिंदाला सांगा, सामान बांधून ठेव."

"ती सामान बांधणार नाही," फिलोमेना म्हणाली. "तुझे बूट घालून गावभर फिरतेय ती."

---

अमारूच्या घरी सणाची खोली सजवलेली होती. कागदी फुलं, पांढरा पडदा, पायऱ्यापायऱ्यांची वेदी, आणि वरच्या पायरीवर काहीच नाही. अमारू त्या रिकाम्या पायरीकडे पाठ करून बसला होता.

"पेटी काल उघडायची ठरलं होतं का?" फिलोमेनानं विचारलं.

"नाही हो. आज संध्याकाळी, एर्मिनियो आणि सगळं मंडळ जमल्यावर. पण मला दम निघेना. बावीस वर्षं माझी चिठ्ठी निघाली नाही. बावीस वर्षं! पेटी घरात आली आणि मी पाद्रीबाबांना बोलावून घेतलं."

"एर्मिनियो कधी आला?"

"सहाला. विमानतळावरून घरी बॅग टाकून थेट इथं. पेटी पाहिली, तिच्यावरचा कागद वाचला, आणि मटकन खाली बसला. आम्हाला वाटलं, बिचाऱ्यानं एवढ्या मेहनतीनं आणला, त्याला किती लागलं असेल."

"त्याची आई अजून लिस्बनच्या इस्पितळात आहे ना?"

"फेलिस्मिना? हो. आता काही खरं नाही तिचं." अमारू चुळबुळला. "डिसेंबरात एर्मिनियोनं मंडळात विचारलं होतं, मुकुट तिच्याकडे नेऊ का म्हणून. तिचा जुना नवस, मरायच्या आधी एकदा डोक्यावर घ्यायचा. पण बाई, मुकुट समुद्रापार दुरुस्तीला जातो, भेटीगाठींना नाही. लोक हसले."

"किती जण होतात?"

"बारा."

"आणि कोण कोण हसलं?"

अमारू उठून वेदीवरची कागदी फुलं सारखी करू लागला. फिलोमेना दाराकडे निघाली.

---

विमानतळावरच्या खोलीत मालाची कारकून ओंदिना एकटी पाच कागद भरत होती आणि सहाव्यावर चिडली होती.

"पेटी मीच तोलली. उतरायची वेळ मीच लिहिली. अजून काय?"

"वेळ कशी लिहिता?"

"कशी म्हणजे? भिंतीवरचं घड्याळ बघायचं आणि लिहायचं. उन्हाळ्यात बरं असतं. हिवाळ्यात मेलं, घड्याळात एक तास मिळवून लिहावं लागतं. मागच्या नोव्हेंबरात दोनदा विसरले, साहेबांनी चारचौघांत झापलं."

"का मिळवायचा?"

"नियम आहे. मिळवायचा आणि पुढे झेड काढायचा. मला नका विचारू, मला कागद भरू द्या."

"म्हणजे झेड ही सही नव्हे?" बाल्ताझारनं विचारलं.

"काका, माझं नाव ओंदिना!"

फिलोमेना सकाळपासून पहिल्यांदा हसली. बाहेर पडताना ती भिंतीवरच्या त्या साध्या गोल घड्याळाकडे पाहायला दारात थांबली. बाल्ताझारनंही पाहिलं. त्याला फक्त जेवायची वेळ झालेली दिसली.

"वहिनी, भूक लागली."

"अजून एक घर, भाऊजी."

---

एर्मिनियो आधी पोस्टमास्तर होता. घर नीटनेटकं, टेबलावर दोन भांडी, त्यातलं एक आईचं. त्याचे डोळे सुजले होते.

"सार्जंटला सगळं सांगितलंय," तो म्हणाला.

"मला परत सांगा. मी हळू शिकते."

"बुधवारी चांदीकाराकडून मुकुट ताब्यात घेतला. खोलीवर आणून स्वतः पेटीत भरला, स्वतः सील लावलं, संध्याकाळी मालाच्या खिडकीवर दिली. सकाळच्या विमानाचा माल आदल्या संध्याकाळीच घेतात. पण रात्रभर डोळा लागला नाही. म्हणून गुरुवारी सकाळी परत विमानतळावर गेलो. काचेमागं उभा राहिलो. पेटी चढवताना पाहिली. समोर मोठं घड्याळ होतं. बरोबर आठ वाजून पाच मिनिटांनी विमान हललं."

"त्या घड्याळात आठ?"

"आठ."

"नऊ नव्हेत?"

"बाई, मी पोस्टात चाळीस वर्षं घड्याळ बघूनच काम केलं. आठ पाच. शपथेवर सांगतो. कागदावरसुद्धा तेच आहे."

"आईला भेटलात?"

तो खिडकीकडे वळला. "वेळ नाही मिळाला."

"सकाळी आठ ते दुपारी चार, आठ तास होते हातात."

"नाही मिळाला म्हटलं ना!"

फिलोमेनानं आवाज खाली आणला. "एर्मिनियो, चारच्या विमानानं एलिसेउला नेतायत. सव्वातीनला विमानतळावर या. सार्जंटला तुमची सही हवी आहे."

गाडीत बसल्यावर बाल्ताझारनं उसासा टाकला. "बिचारा. लिस्बनला जाऊन आईचं तोंडही बघता आलं नाही."

"दर महिन्याला हा माणूस फक्त तिला बघायला विमानात चढतो, भाऊजी. एकुलता एक आहे. आणि ह्या खेपेला वेळ नाही मिळाला?"

"मग?"

"मग मला एक टेलिफोन नंबर शोधायचाय. तोपर्यंत तुम्ही जेवून घ्या."

---

सव्वातीनला विमानतळाच्या त्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सार्जंट, बेड्या घातलेला एलिसेउ, त्याच्या शेजारी ग्रासिंदा, मानकरी अमारू, एर्मिनियो आणि आपल्याच खोलीत गर्दी केल्याबद्दल फणफणणारी ओंदिना.

"लवकर आटपा बाई," सार्जंट म्हणाला. "विमान येईल."

"तुमचं गणित मला फार आवडलं, सार्जंट," फिलोमेना म्हणाली. "चौदाशे किलोमीटर, दोन तास वीस मिनिटं, बरोबर. लिस्बन आपल्यापुढे एक तास, तेही बरोबर. बेरीज-वजाबाकी सगळी बरोबर. फक्त एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत. कागदावरचे आठ पाच कुठल्या घड्याळातले?"

"विमान लिस्बनला होतं. लिस्बनच्या."

"ओंदिना, ह्या कागदावर लिस्बनची वेळ लिहितात का?"

"छे! कुठलंच गाव चालत नाही त्यावर. विमानवाल्यांची वेळ जगभर एकच. विमान कुठंही असो, सगळे तीच लिहितात आणि पुढे झेड काढतात. आपल्या घड्याळात हिवाळ्यात एक मिळवायचा. उन्हाळ्यात, म्हणजे आत्ता, आपलं घड्याळ आणि ती वेळ जुळते, म्हणून तशीच उतरवायची."

सार्जंटचा चेहरा उतरला. "हे मला काल का नाही सांगितलंस?"

"विचारलंत का कुणी? आलात ते कागद ओढून घेऊन गेलात!"

"म्हणजे," बाल्ताझार बोटांवर मोजत म्हणाला, "आठ पाच म्हणजे आपलेच आठ पाच?"

"आपलेच. आठ पाच ते दहा पंचवीस. किती झाले, भाऊजी?"

"दोन तास वीस."

"विमान सरळ आलं. कुठं उतरलं नाही. जादा तास कधी नव्हताच." फिलोमेना एलिसेउकडे वळली. "मोठ्या बेटावरचे लोक खरं बोलत होते, तुझा भाऊ निर्दोष आहे आणि सीलही शाबूत होतं. वजन दोन्हीकडे सारखं आलं, कारण लिस्बनच्या खिडकीवर दिल्यापासून पेटीला कुणी हात लावलाच नाही. मीठ आधीपासूनच आत होतं."

सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

"आता दुसरं," फिलोमेना म्हणाली. "आपल्या आठ पाचला लिस्बनच्या भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले असतील?"

"नऊ पाच," सार्जंट हळूच म्हणाला.

"नऊ पाच. एर्मिनियो, मी तुम्हाला विचारलं होतं, नऊ नव्हेत? तुम्ही शपथ घेतलीत. लिस्बनच्या विमानतळावर काल सकाळी जो कुणी त्या विमानाकडे बघत उभा होता, त्याला घड्याळात नऊ दिसले. आठ फक्त ह्या कागदावर दिसतात. तुम्ही घड्याळ पाहिलंच नाही. काल सहाला अमारूच्या घरी पेटीवरचा कागद पाहिलात."

एर्मिनियोनं डोक्यावरची टोपी काढली.

"लिस्बनच्या माणसानं ही चूक केली नसती. उन्हाळ्यात तिथली भिंत आणि असला कागद कधी जुळत नाहीत. आपल्या बेटावर जुळतात. कागदावर असेल ती खरी वेळ, ही आपली सवय. सार्जंटही त्याच सवयीनं चुकले. पण घड्याळ डोळ्यांनी पाहिलं, असं ते म्हणाले नाहीत."

"पण मुकुट चोरून हा करणार काय?" अमारू ओरडला. "ह्याला कशाला हवा?"

"तुम्ही बारा जण हसला होतात, त्यासाठी." फिलोमेना एर्मिनियोच्या समोर जाऊन उभी राहिली. "बुधवारी मुकुट उशिरा हातात आला. माल त्याच संध्याकाळी द्यायचा होता. टेलिफोनच्या पुस्तकात लिहिलंय, इस्पितळात भेटीची वेळ सकाळी नऊ. दोन्ही जमेना. म्हणून तेवढ्याच वजनाचं मीठ भरून पेटी पुढे पाठवलीत. मुकुट ठेवून घेतलात आणि संध्याकाळी बॅगेत पोटाशी धरून आणलात. पेटी आज उघडायची होती, तुमच्यासमोर. त्याआधी अदलाबदल करायला एक रात्र पुरली असती. अमारूला दम निघाला नाही, आणि तुमचं सगळं फसलं."

तिनं खिशातून चिठ्ठी काढली. "हा वॉर्डातला नंबर. मी अजून फोन लावलेला नाही. तुम्ही सांगता की त्यांनाच विचारू?"

एर्मिनियो खुर्चीत बसला.

"दहा मिनिटं," तो म्हणाला. "फक्त दहा मिनिटं तिच्या डोक्यावर होता. तिला धरून बसवावं लागलं. नर्सबाई रडायला लागली. आई म्हणाली, हलका आहे रे, मला वाटलं होतं जड असेल." त्यानं बाहीनं डोळे पुसले. "घरी आहे. मक्याच्या कोठीत. मी आज परत ठेवणार होतो. पण सार्जंटनं विचारलं, काल सकाळी कुठं होता, आणि मी... तोंडातून निघून गेलं. मग ते फिरवता येईना."

"फिरवता येईना?" सार्जंटचा आवाज चढला. "माणूस रात्रभर माझ्या कोठडीत होता!"

"माहिती आहे."

"आता चारच्या विमानानं चालला होता!"

"माहिती आहे मला!" एर्मिनियो ओरडला, आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

सार्जंटनं किल्ली काढून एलिसेउच्या बेड्या सोडल्या. एलिसेउ मनगटं चोळत उभा राहिला. ना आनंद, ना राग. त्याला अजून खरं वाटत नव्हतं.

एर्मिनियो त्याच्यासमोर आला. "एलिसेउ, मी तुझी..."

"त्याला नाही," ग्रासिंदा मधेच म्हणाली.

ती सकाळपासून रडली नव्हती, आत्ताही नाही. "त्याला काय सांगतोस? तो चोर नाही हे त्याला आधीपासून माहीत होतं. तुझ्या आईनं मुकुट घातला, चांगलं झालं. मला विचारलं असतंस तर मी सोबत आले असते. तिला ह्यातलं काही कळवू नकोस. तिचा नवस फिटलाय, तो फिटलेलाच राहू दे. पण गावाला सांग. मंडळात नाही, चर्चच्या फळ्यावर चिठ्ठी लावून नाही. पेद्राल्वात अठ्ठेचाळीस घरं आहेत. प्रत्येक दारात जायचं आणि स्वतःच्या तोंडानं सांगायचं. आजच."

"अठ्ठेचाळीस?" एर्मिनियो पुटपुटला.

"मोजून. माशांची आतडी कुणी टाकली मला माहीत नाही, म्हणून एकही घर चुकवायचं नाही."

सार्जंट म्हणाला की कायद्याप्रमाणे आधी जबाब लिहून घ्यावा लागेल. फिलोमेना म्हणाली, मग भरभर लिहा.

चारचं विमान वेळेवर आलं आणि वेळेवर गेलं. ते उतरत असताना एलिसेउ बाहेर गेला आणि सामान उतरवू लागला. ओंदिनानं त्याला घरी जा म्हणून दोनदा सांगितलं. तो गेला नाही.

साडेचारला मुकुट अमारूच्या वेदीवर बसला. पाच वाजता एर्मिनियो गावाच्या वरच्या टोकाला पहिल्या दारात उभा राहिला. टोपी हातात, मान खाली. बाल्ताझार मागून गाडी हळूहळू चालवत होता, कारण फिलोमेनाला प्रत्येक दार मोजायचं होतं. कुणी ऐकून दार लावून घेतलं, कुणी शिव्या घातल्या. एका म्हातारीनं आधी त्याच्या आईची चौकशी केली. सातव्या दारात एक माणूस लालबुंद होऊन म्हणाला, "मग माझ्याकडूनही चूक झाली," आणि झाडू-बादली घेऊन एलिसेउच्या घराकडे चालू लागला.

आठ वाजता, अजून लख्ख उजेड असताना, अठ्ठेचाळिसावं दार आलं. ते एलिसेउचं. दारात ग्रासिंदा उभी होती, ह्या वेळी स्वतःच्या चपला घालून, मागे एलिसेउ. गल्लीतले लोक आपापल्या खिडक्यांत आले होते.

एर्मिनियोचा आवाज पार बसला होता. "मुकुट मी ठेवून घेतला होता," तो म्हणाला. "एलिसेउनं काहीही केलेलं नाही. मी खोटं बोललो आणि त्याला अडकू दिलं."

एलिसेउनं डोळे मिटून घेतले. चौकटीला टेकून तो रडायला लागला, मोठ्यानं, गल्लीदेखत.

ग्रासिंदानं त्याचा हात घट्ट धरला आणि एर्मिनियोकडे पाहिलं.

"परत म्हण," ती म्हणाली. "मोठ्यानं. पलीकडच्या घरांना ऐकू गेलं नाही."

एर्मिनियोनं मान वर केली आणि परत म्हटलं.